रनिंग मेट निवडताना काय बघतात, आणि काय बघायला हवं?

नीलमोहर:

अमेरिकेत दर चार वर्षांनी उन्हाळ्यात तीच चर्चा रंगते: रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, कोण? प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुका, आटोपलेल्या असतात, अध्यक्षपदाचा उमेदवार ठरलेला असतो, पक्षाचं अधिवेशन तोंडावर आलेलं असतं. मग टीव्हीवर नकाशे झळकायला लागतात. अमुक गव्हर्नरला सोबत घेतलं तर पेनसिल्व्हेनिया पदरात पडेल, तमुक सिनेटर घेतली तर उपनगरांतल्या बायकांची मतं वळतील. मी पेनसिल्व्हेनियातच राहते, त्यामुळे २०२४ मध्ये हे इतकं ऐकलं की कान किटले. माझ्या मते ही सगळी चर्चाच चुकीच्या टोकापासून सुरू होते, म्हणून हा धागा काढतेय.

आजवर ४५ माणसं अमेरिकेची अध्यक्ष झाली. त्यांतली ९ माणसं उपाध्यक्ष असताना मुदतीच्या मध्येच त्या खुर्चीत जाऊन बसली. टायलर, फिलमोर, अँड्र्यू जॉन्सन, आर्थर, थिओडोर रूझवेल्ट, कूलिज, ट्रुमन आणि लिंडन जॉन्सन हे आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, आणि फोर्ड निक्सनच्या राजीनाम्यामुळे. म्हणजे दर पाचातला एक. एवढं प्रमाण असताना 'हा कुठलं राज्य जिंकून देईल' हा पहिला प्रश्न कसा असू शकतो?

१९४४ चं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळं पणाला लागलं होतं ते तिथे. महायुद्ध चालू, फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहणार. त्या मार्चमध्ये बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं होतं. रक्तदाब भयंकर वाढलेला, हृदय थकत चाललेलं. लोकांना यातलं काहीही सांगितलं नाही, पण पक्षातल्या बड्या मंडळींना चेहऱ्यावरूनच दिसत होतं की हा माणूस चार वर्षं काढणार नाही. तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस. कामगार संघटनांचे आणि डाव्या विचारांच्या लोकांचे लाडके, पण दक्षिणेतल्या आणि शहरी संघटनेतल्या नेत्यांना ते अजिबात नको होते. म्हणजे जुलैत शिकागोला जमलेल्या पुढाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की आपण बहुधा पुढचा अध्यक्ष निवडतोय.

आणि स्वतः रूझवेल्ट काय करत होते? मी प्रतिनिधी असतो तर वॉलेसना मत दिलं असतं, असं एक पत्र. ट्रुमन किंवा न्यायमूर्ती डग्लस यांपैकी कुणीही चालेल, असं दुसरं पत्र. जेम्स बर्न्सना तिसरीच आशा. ट्रुमन शिकागोला आले होते ते बर्न्स यांचं नाव सुचवायला! २० जुलैच्या रात्री सभागृहात वॉलेसच्या नावाचा असा गजर झाला की सिनेटर क्लॉड पेपर त्यांचं नाव तेव्हाच्या तेव्हा मांडायला व्यासपीठाकडे निघाले. ते पोचण्याआधी अध्यक्षस्थानी असलेल्या सॅम्युएल जॅक्सननी सभा तहकूब केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेसच पुढे होते. दुसऱ्या फेरीत ट्रुमन आले.

ऑगस्टमध्ये व्हाइट हाउसच्या बागेत दोघांनी जेवण घेतलं. कॉफीत क्रीम ओतताना रूझवेल्ट यांचा हात इतका थरथरत होता की ते कपात पडेना, असं ट्रुमननी नंतर आपल्या सहकाऱ्याला सांगितलं. हे इतक्या जवळून बघूनही पुढे काय झालं? उपाध्यक्ष म्हणून ८२ दिवस, त्यात अध्यक्षांशी स्वतंत्र भेटी अगदी नावापुरत्या. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची माहितीच दिलेली नाही. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. शपथ झाल्यावर युद्धमंत्री स्टिमसन यांनी एका नव्या अस्त्राचा ओझरता उल्लेख केला आणि सविस्तर माहिती मिळाली ती २५ एप्रिलला. हिरोशिमाला तेव्हा साडेतीन महिनेही उरले नव्हते.

ट्रुमन चांगले निघाले की वाईट, यावर वेगळा धागा काढता येईल. ज्या माणसाला हे सगळं पेलायचं होतं त्याची निवड आणि तयारी या दोन्ही गोष्टी इतक्या निष्काळजीपणे झाल्या, याचा मला राग येतो. तुमचं मत लिहा.

ओहायोकर:

नीलमोहरताई, लेखन आवडलं, पण निम्मंच पटलं. निवडणूक हरलात तर तुमचा लायक उपाध्यक्ष घरीच बसणार. आधी जिंकावं लागतं.

१९६० बघा. केनेडी म्हणजे मॅसॅच्युसेट्सचे, कॅथलिक, तरुण. दक्षिणेत त्यांना कोण विचारत होतं? लॉस एंजलिसच्या बिल्टमोर हॉटेलात केनेडी वर आणि दोन मजले खाली लिंडन जॉन्सन. जॉन्सनना विचारल्याचं कळताच कामगार नेते आणि उदारमतवादी खवळले. रॉबर्ट केनेडी खाली जाऊन जॉन्सनना माघार घ्यायला सुचवून आले, तरी जॉन केनेडींनी नाव कायम ठेवलं. नोव्हेंबरात टेक्सस सुमारे ४६ हजार मतांनी मिळालं. २४ इलेक्टोरल मतं (राज्यागणिक वाटलेली, ज्यांच्या बहुमतावर अध्यक्ष ठरतो ती). ही जोडी जमली नसती तर निक्सन १९६० लाच अध्यक्ष झाले असते.

दख्खनी:

@ओहायोकर, हे गणित मांडून बघू. केनेडींना ३०३ इलेक्टोरल मतं होती, बहुमत २६९ ला होतं. टेक्ससची २४ वजा करा. २७९ उरतात. केनेडी तरीही अध्यक्ष.

गृहराज्याची ही दंतकथा दर वेळी नव्याने सांगितली जाते. १९८८ ला डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिसनी टेक्ससचे लॉइड बेन्ट्सन घेतले. १९५९ साली जॉन्सन यांच्या सोयीसाठी टेक्ससने कायदा बदलला होता, त्यामुळे बेन्ट्सन एकाच वेळी उपाध्यक्षपदाला आणि सिनेटला उभे राहू शकले. टेक्ससच्या मतदारांनी त्यांना सिनेटवर आरामात निवडून दिलं आणि राज्य मात्र थोरल्या बुशच्या पदरात टाकलं. एकाच मतपत्रिकेवर. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? पुढे २००४ ला एडवर्ड्स असून नॉर्थ कॅरोलायना गेलं, २०१२ ला रायन असून विस्कॉन्सिन गेलं. आणि चेनी, बायडन, पेलिन हे तिघं आले ते वायोमिंग, डेलावेअर आणि अलास्का इथून. प्रत्येकी तीन इलेक्टोरल मतं. तिथे कुणी राज्यासाठी निवड केलेलीच नव्हती.

ओहायोकर:

टेक्सस एकटं धरलंत म्हणून २७९ आले. जॉन्सनना घेतलं ते अख्ख्या दक्षिणेसाठी. ऑक्टोबरात त्यांनी खास आगगाडी काढून दक्षिणेतली गावंच्या गावं पालथी घातली. साउथ कॅरोलायनात फरक दहा हजारांच्याही आत होता. टेक्ससबरोबर दोन्ही कॅरोलायना गेली असती, म्हणजे आणखी १४ आणि ८, तर केनेडी २५७ वर. बहुमत गेलं. बाकी राज्यं मी धरतच नाहीये.

आणि ताईंच्या मुद्द्यालाही हेच उदाहरण उपयोगी आहे. मतांसाठी घेतलेला तोच माणूस डलासमध्ये केनेडींची हत्या झाल्यावर अध्यक्ष झाला आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मताधिकार कायदा मार्गी लावले ते त्याने. सिनेटमध्ये कुणाला कुठे कसं वळवायचं हे त्याला जितकं कळत होतं तितकं केनेडींनाही कळत नव्हतं. तेव्हा मतं मिळवणारा आणि राज्य चालवू शकणारा ही दोन वेगळी माणसं असतातच असं नाही.

नीलमोहर:

असतातच असं नाही, हे मान्य. पण ते जुळून आलं, कुणी जुळवून आणलं नव्हतं. न जुळल्याचं उदाहरण जवळजवळ शंभर वर्षं आधीचं आहे आणि त्याची किंमत कुणी मोजली ते बघा. १८६४ ला रिपब्लिकन पक्षाने हॅनिबल हॅमलिनना वगळून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन घेतले. जॉन्सन डेमोक्रॅट होते, दक्षिणेतले असूनही संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले. 'बघा, आम्ही सगळ्यांना सोबत घेतो' हे दाखवायला नाव उत्तम. पुढच्या एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लाखो लोकांचं भवितव्य कुणाच्या हाती आलं, तर १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर नकाराधिकार वापरणाऱ्या माणसाच्या. काँग्रेसने तो नकाराधिकार उलटवला, पुढे महाभियोगही चालवला, एका मताने ते वाचले. पण सुरुवातीची ती मोलाची वर्षं गेली ती गेलीच. हे वाचताना माझा जीव आजही तुटतो.

पिंपळपान:

चांगला धागा. मी पुण्यात असते, अमेरिकन राजकारण बातम्यांपुरतंच माहीत आहे. एक मूलभूत शंका. हे जोडीने उभं राहणं पहिल्यापासून होतं का? आपल्याकडे राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका पूर्णपणे वेगळ्या होतात.

जुनी_पानं:

पिंपळपान, छान प्रश्न. पहिल्यापासून नव्हतं. मूळ घटनेत प्रत्येक इलेक्टर दोन नावांना मत द्यायचा. सर्वांत जास्त मतं मिळवणारा अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. पक्ष असतील ही कल्पनाच घटनाकारांनी केली नव्हती. परिणाम असा की १७९६ ला जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचे कट्टर विरोधक जेफरसन उपाध्यक्ष झाले. १८०० ला त्याहून मोठा घोळ. जेफरसन आणि बर एकाच बाजूचे, दोघांनाही ७३ मतं, कारण सगळ्या इलेक्टरांनी शिस्तीत दोघांनाही मत दिलं. बर मागे हटेनात. प्रकरण प्रतिनिधिगृहात गेलं, ३६ फेऱ्या झाल्या तेव्हा जेफरसन निवडून आले. म्हणून १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन पदांची मतं वेगळी मोजायला लागले.

नंतर शंभराहून जास्त वर्षं रनिंग मेट उमेदवार निवडतच नव्हता, पक्षाचं अधिवेशन आणि त्यातले पुढारी निवडायचे. पराभूत गटाची समजूत काढायला ते पद दिलं जायचं. १८४० ला व्हिग पक्षाने हॅरिसनच्या जोडीला टायलर दिले, जे मुळात डेमोक्रॅट. हॅरिसन शपथेनंतर एका महिन्यात वारले आणि टायलरनी व्हिगांच्या बँक विधेयकांवर नकाराधिकार वापरला. पक्षाने अखेर स्वतःच्याच अध्यक्षाला पक्षातून काढून टाकलं.

१९०० चा प्रकार तर आणखी बोलका आहे. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते आणि तिथला पक्षाचा म्होरक्या टॉम प्लॅट त्यांना कंटाळला होता. उपाध्यक्ष हॉबार्ट आदल्या वर्षी वारले होते, जागा रिकामी होती. रूझवेल्टना तिथे पाठवा, म्हणजे न्यूयॉर्कमधली ब्याद टळली, असा हिशोब. अध्यक्ष मॅकिन्लींचे विश्वासू मार्क हॅना पोटतिडकीने सांगत होते की या माणसात आणि अध्यक्षपदात एकच जीव उरेल. कुणी ऐकलं नाही. सप्टेंबर १९०१ ला बफेलोत मॅकिन्लींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

उमेदवाराने स्वतःच्या मर्जीचा माणूस अधिवेशनाच्या गळी उतरवण्याची प्रथा पडली ती १९४० पासून. फ्रँकलिन रूझवेल्टनी सांगितलं, वॉलेस नसेल तर मीही उमेदवारी घेत नाही. नकाराचं भाषणही लिहून ठेवलं होतं. चारच वर्षांनी त्याच वॉलेसचं काय झालं ते वर धाग्यात आहेच.

दख्खनी:

पिंपळपान यांच्या प्रश्नाला जोडून भारताबद्दल थोडं लिहितो, कारण दोन्ही पदांची तुलना करताना गफलत होते. आपला उपराष्ट्रपती राष्ट्रपतीचं पद रिकामं झालं तर फक्त काळजीवाहू म्हणून काम बघतो आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. ३ मे १९६९ ला झाकिर हुसेन गेले, व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. पुढे त्यांनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी कारभार पाहिला. अमेरिकेत असं काही नाही. उपाध्यक्ष उरलेली सगळी मुदत पूर्ण अधिकारांनी अध्यक्ष असतो. टायलर जवळजवळ चार वर्षं होते, ट्रुमन तर तीन वर्षं नऊ महिने.

अवांतर: आपल्याकडे २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले, तेव्हा राष्ट्रपतींशी त्यांची 'जोडी' जमते का हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. त्या पदाची रचनाच तशी आहे.

कायदेकानू:

बाराव्या घटनादुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर दोन तरतुदी सांगते. दोन्ही निवडीच्या वेळी आड येतात.

पहिली: अध्यक्ष होण्यास जो अपात्र, तो उपाध्यक्ष होण्यासही अपात्र. मराठी माणसांना जवळचं उदाहरण श्री ठाणेदार यांचं. बेळगावात वाढलेले, आज मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेलेले. पण जन्माने अमेरिकन नागरिक नसल्यामुळे त्यांचं नाव रनिंग मेटच्या कुठल्याच यादीत येऊ शकत नाही. कमला हॅरिस यांच्या आई तामिळनाडूतून आलेल्या, पण त्यांचा स्वतःचा जन्म ओकलंडचा, म्हणून प्रश्न आला नाही. इथे जन्मलेल्या आपल्या पुढच्या पिढीला ही वाट मोकळी आहे.

दुसरी: इलेक्टरने दिलेल्या दोन मतांपैकी किमान एक मत त्याच्या राज्याबाहेरच्या माणसाला असलं पाहिजे. २००० साली धाकटे जॉर्ज बुश टेक्ससचे आणि डिक चेनी तेव्हा डलासमध्ये राहत होते. बुशनी चेनींना रनिंग मेट शोधण्याचं काम दिलेलं, आणि शोधणाराच निवडला गेला. घोषणेच्या चार दिवस आधी, २१ जुलैला, चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला बदलून घेतली. ही नुसती औपचारिकता नव्हती. निकाल २७१ विरुद्ध २६६ असा लागला आणि टेक्ससची ३२ मतं त्या २७१ मध्ये होती. चेनी टेक्ससचेच रहिवासी ठरले असते तर ती ३२ मतं त्यांना मिळाली नसती. लोक कोर्टातही गेले, कोर्टाने दावा फेटाळला.

माझं वैयक्तिक मत: ज्याने इतरांकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्याची स्वतःची छाननी तितक्याच त्रयस्थपणे होणं शक्यच नव्हतं. ही पद्धत म्हणूनच चूक होती, मग निवडलेला माणूस कितीही अनुभवी असो.

वैद्यबुवा:

छाननीवरून १९७२ आठवलं. मी पेशाने मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून या प्रसंगाबद्दल मला विशेष वाटतं.

जॉर्ज मॅकगव्हर्नना मियामी बीचच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात उमेदवारी मिळाली. टेड केनेडी हो म्हणतील या आशेवर दिवस गेले. ते नाही म्हणाले. मग आणखी काहींनी नकार दिला. बॉस्टनचे महापौर केविन व्हाइट जवळजवळ ठरले होते, त्यांच्याच राज्याच्या शिष्टमंडळाने विरोध केला. १३ जुलैला दुपारी, मुदत संपत आलेली असताना, मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगल्टन यांना फोन गेला. प्रचारातले एक प्रमुख, फ्रँक मॅन्किविक्झ यांनी विचारलं की नंतर बाहेर येईल असं काही जुनं प्रकरण आहे का. ईगल्टन नाही म्हणाले. झालं, ठरलं. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना याच्या दसपट चौकशी करतात. त्या रात्री उपाध्यक्षपदाच्या नामांकनाचा गोंधळ इतका लांबला की मॅकगव्हर्नना आपलं मुख्य भाषण पहाटे पावणेतीनच्या सुमारास करावं लागलं. देश झोपलेला होता.

मग बातमी फुटली. ईगल्टन १९६० ते १९६६ या काळात तीनदा नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झाले होते, दोनदा विजेचे उपचार घेतले होते. २५ जुलैला साउथ डकोटात पत्रकार परिषद झाली. मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. आणि ३१ जुलैला ईगल्टन यांना माघार घ्यावी लागली. अठरा दिवस. नोव्हेंबरात मॅकगव्हर्नना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा एवढंच मिळालं.

मला यातलं सगळ्यांत जास्त काय खुपतं? लोकांनी यातून धडा घेतला तो 'मनाचा आजार झालेला माणूस नको' असा. हा धडा खोटा आहे. ईगल्टन त्यानंतर १९७४ आणि १९८० असे दोनदा सिनेटवर निवडून आले, १९८७ पर्यंत त्यांनी उत्तम काम केलं. उपचार घेऊन बरा झालेला माणूस जबाबदारी पेलू शकतो, हे मी रोज बघतो. विजेच्या उपचारांनी तीव्र नैराश्यातून उठलेली माणसं आपापली कामं नीट करताहेत. बिघडलं ते दुसरीकडेच. असा प्रश्न चार मिनिटांच्या फोनवर, मुदत संपताना, गर्दीतल्या खोलीतून विचारला तर कोण खरं सांगेल? त्या काळात तर हा कलंकच होता. निवांत बसून, गुप्ततेची खात्री देऊन, डॉक्टरांचे कागद बघून विचारलं असतं तर एक तर माहिती आधी कळली असती, किंवा त्यांना ठामपणे सोबत ठेवता आलं असतं. हजार टक्के म्हणून सहा दिवसांत हात सोडणं हे रुग्णावर अन्याय करणारं आणि उमेदवाराची परीक्षा घेणारं होतं. मतदारांनी मॅकगव्हर्नना नापास केलं.

सांजवेळ:

वैद्यबुवा, तुमच्या प्रतिसादाला मनापासून +१. घरात असा रुग्ण आहे, म्हणून जास्त भिडलं.

जुनी_पानं:

पुढची निवडणूक याच धक्क्याने बदलली. १९७६ ला जिमी कार्टरकडे अधिवेशनाआधी वेळ होता आणि तो त्यांनी सत्कारणी लावला. अटलांटाचे वकील चार्ल्स कर्बो यांनी इच्छुकांची माहिती काढली, मग काहींना कार्टरनी जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी घरी बोलावून तासन् तास गप्पा मारल्या. मस्की, ग्लेन, मॉन्डेल. मॉन्डेल अभ्यास करून गेले होते. निवडून आल्यावर त्यांनी डिसेंबरात कार्टरना लेखी टिपण दिलं की उपाध्यक्षाने काय करावं. वेस्ट विंगमध्ये कार्यालय, गुप्तचर खात्याचे तेच कागद, दर आठवड्याला दोघांचं जेवण. कार्टर हो म्हणाले. ट्रुमनला बॉम्ब माहीत नव्हता, तिथपासून ३२ वर्षांत इथवर आलो. नंतरच्या बहुतेक उपाध्यक्षांनी हीच घडी वापरली आहे.

कार्टर एका मुदतीनंतर हरले, त्यामुळे याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. द्यायला हवं.

ओहायोकर:

मॉन्डेलनी स्वतः १९८४ ला जेराल्डिन फेरारोंना घेतलं. मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची पहिली बाई. नवऱ्याच्या व्यवसायाच्या हिशोबावरून आठवडेच्या आठवडे गेले. छाननीचा आदर्श घालून देणाऱ्याच्याच बाबतीत हे व्हावं.

बाकी २००८ बद्दल कुणीच बोललं नाही? सेरा पेलिनची घोषणा डेटनला झाली, आमच्या घरापासून फार लांब नाही. इथे लोकांचा उत्साह खरा होता, तो नंतर कुणी कितीही नाकारो. आपल्यासारखी कुणीतरी तिथे पोचतेय ही भावना खरी होती.

नीलमोहर:

ती भावना मी खोटी म्हणणार नाही. पण रिपब्लिकन उमेदवार मॅकेन तेव्हा ७२ वर्षांचे, त्वचेच्या कर्करोगातून उठलेले. त्यांच्या मनात होते जो लिबरमन. लिबरमन मूळचे डेमोक्रॅट, तेव्हा अपक्ष सिनेटर होते, गर्भपाताच्या प्रश्नावर पक्ष फुटेल म्हणून सल्लागारांनी ते नाव मागे घ्यायला लावलं. मग घाईघाईत पेलिन, २८ ऑगस्टला अ‍ॅरिझोनात भेट आणि २९ ला घोषणा. महिन्याभरात टीव्ही पत्रकार केटी कुरिकच्या मुलाखती झाल्या, त्यांत पेलिन साध्या प्रश्नांवर अडखळल्या. मॅकेन यांनी अखेरच्या वर्षी लिहून ठेवलं की लिबरमनना घ्यायला हवं होतं, मनाचं ऐकायला हवं होतं. मला यात पेलिन यांचा दोष कमी वाटतो. एका दिवसात कुणाच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवणाऱ्यांचा जास्त वाटतो.

२०२४ ला वेळेचीच मारामारी होती. बायडन २१ जुलैला बाजूला झाले, हॅरिसनी ६ ऑगस्टला टिम वॉल्झ यांचं नाव जाहीर केलं. सोळा दिवसांत छाननी, मुलाखती, निर्णय. आमचे गव्हर्नर जॉश शॅपिरो घेतले असते तर पेनसिल्व्हेनिया मिळालं असतं, असं आमच्या इथे अजून म्हणतात. सातही काठावरची राज्यं ट्रम्पकडे गेली. पेनसिल्व्हेनियाची १९ मतं मिळूनही हॅरिस हरल्याच असत्या.

कायदेकानू:

माइक पेन्सचा उल्लेख राहू नये. २०१६ ला ट्रम्पनी त्यांना घेतलं ते धार्मिक मतदारांना विश्वास वाटावा म्हणून, असंच सगळे म्हणायचे. ६ जानेवारी २०२१ ला काय झालं? मतमोजणीच्या संयुक्त बैठकीचे अध्यक्ष उपाध्यक्ष असतात. राज्यांची मतं बाजूला ठेवण्याचा दबाव होता, खाली जमाव इमारतीत घुसलेला होता, आणि पेन्सनी रात्री परत येऊन मोजणी पूर्ण केली. हे काम कुणाच्या वाट्याला येईल याचा विचार २०१६ च्या नकाशांत कुठेच नव्हता. २०२२ च्या कायद्याने उपाध्यक्षाची ती भूमिका निव्वळ कारकुनी आहे असं स्पष्ट केलं. तोवर एका माणसाच्या सद्सद्विवेकावर सगळं तोललेलं होतं.

पिंपळपान:

इतकं वाचून एक विचारावंसं वाटतं. मधेच पद रिकामं झालं तर नवा उपाध्यक्ष कसा निवडतात? आणि तसंच रनिंग मेटचं करता येणार नाही का?

कायदेकानू:

१९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार अध्यक्ष नाव सुचवतो आणि दोन्ही सभागृहांनी बहुमताने मान्यता द्यावी लागते. १९७३ ला अ‍ॅग्न्यू करचुकवेगिरीत सापडून पायउतार झाले, तेव्हा निक्सननी फोर्ड यांचं नाव दिलं. सुनावण्या झाल्या, सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ३, प्रतिनिधिगृहात ३८७ विरुद्ध ३५. पुढे फोर्डनी रॉकफेलर यांचं नाव दिलं तेव्हा त्यांच्या संपत्तीची उलटतपासणी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत चालली. उपाध्यक्षाची उघड्यावर, शपथेवर तपासणी झाली ती या दोनच वेळा.

मला स्वतःला असं काहीतरी रनिंग मेटसाठीही हवं आहे. निदान अधिवेशनाआधी जाहीर सुनावणी, पक्षाच्या पातळीवर का होईना.

ओहायोकर:

मान्यता द्यायला मतदार आहेत की.

नीलमोहर:

मतदाराला तो पर्यायच नाही. एका खुणेत दोन्ही नावं जातात. उमेदवार पसंत आणि जोडीदार नापसंत असेल तर करायचं काय?

दख्खनी:

वेगळं मत देण्याची सोय राज्यपातळीवर काही ठिकाणी आहे आणि तिचेही चटके बसतात. नॉर्थ कॅरोलायनात गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर स्वतंत्रपणे निवडतात. २०२० ला गव्हर्नर झाले डेमोक्रॅट रॉय कूपर आणि लेफ्टनंट गव्हर्नर रिपब्लिकन मार्क रॉबिन्सन. कूपर राज्याबाहेर पाऊल टाकतील तेव्हा कारभार रॉबिन्सनकडे. २०२४ ला हॅरिस यांच्या यादीत कूपर यांचंही नाव होतं. त्यांनी ते काढून घेतलं आणि जी कारणं सांगितली त्यांत हे एक होतं: मी देशभर प्रचाराला फिरलो तर मागे राज्य कोण चालवणार?

नीलमोहर:

हे मला माहीत नव्हतं. मग स्वतंत्र मतापेक्षा कायदेकानू म्हणतात ती जाहीर सुनावणी जास्त व्यवहार्य वाटते. पक्षांच्या नियमावलीत त्यासाठी काय बदलावं लागेल, यावर कायदेकानू, सवडीने वेगळा लेख लिहाल का? २०२८ चा उन्हाळा यायच्या आत.